घरच्या संगणकावर फाइल कॉम्प्रेशन: आधी मोजणी, मग टिक

"फोल्डर कॉम्प्रेस केला, आकारही कमी दिसतोय, मग पेन ड्राइव्हवर मावत का नाही?" नेरूळच्या आमच्या सोसायटीतून, नौपाड्यातल्या मावशीकडून आणि सानपाड्याला शिकवणी घेणाऱ्या एका बाईंकडून हा प्रश्न मला जवळपास याच शब्दांत आला आहे. कोणी पीडीएफ झिप करून पोर्टलवर चढवायला जातं आणि तिथे अडतं. कोणी सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून अख्खा ड्राइव्हच कॉम्प्रेस करून टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन रडतखडत चालू होतं.

ही माणसं काही बेफिकीर नाहीत. विंडोजने 'कॉम्प्रेस' हा एकच शब्द दोन निराळ्या कामांना लावून ठेवलाय, म्हणून गोंधळ होतो. तो होऊ नये यासाठी सगळे टप्पे क्रमाने देतो. विंडोज १० आणि ११ दोन्हींवर ते चालतात, जिथे फरक आहे तिथे सांगेन. बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर लागणार नाही.

टप्पा १: कुठलं कॉम्प्रेशन हवंय ते ठरवा

पहिला प्रकार डिस्कवरचा. फाइल जिथे आहे तिथेच राहते, नाव बदलत नाही, डबल क्लिक केलं की नेहमीसारखी उघडते. फक्त डिस्कवर ती दाबून ठेवलेली असते. उघडताना विंडोज ती आपोआप मोकळी करतं, सेव्ह करताना परत दाबतं. ही एनटीएफएस या फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची, सोय आहे आणि ती फक्त त्या डिस्कपुरती आहे. फाइल डिस्कबाहेर निघाली, म्हणजे पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये किंवा गूगल ड्राइव्हवर गेली, की मूळ आकाराचीच जाते.

दुसरा प्रकार झिपचा. यात मूळ फाइलींच्या प्रतींची एक नवी फाइल बनते. ती कुठेही पाठवता येते. मूळ फाइली मात्र होत्या तशाच राहतात.

मावशीला मी असं सांगितलं: पहिला प्रकार म्हणजे कपाटातल्या कपड्यांच्या घड्या, दुसरा म्हणजे गावाला न्यायचं गाठोडं. घड्या घातल्या की कपाटात जागा होते. पण म्हणून कपडे गाडीत कमी जागेत बसत नाहीत, त्याला गाठोडंच लागतं. आणि गाठोडं बांधून कपाटातच ठेवलं, कपडेही आहेत तिथेच राहू दिले, तर कपाट आणखी भरतं.

तेव्हा आधी एका वाक्यात स्वतःला सांगा, "मला याच डिस्कवर जागा करायची आहे" की "मला हे कुणाला तरी पाठवायचं आहे". पहिलं असेल तर टप्पा २ पासून पुढे जा. दुसरं असेल तर टप्पा ३ वाचून थेट टप्पा ७ वर या.

सावध: "पीडीएफ अमुक केबीच्या आत हवी" अशी पोर्टलची अट असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. डिस्कवरचं कॉम्प्रेशन पोर्टलला दिसतच नाही आणि झिप ही पीडीएफ नव्हे. अशा वेळी कागद परत स्कॅन करा, रंगीतऐवजी ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) आणि ३०० डीपीआयऐवजी (दर इंचाला ३०० ठिपके) १५० वर. दोन्ही बाजूंनी निम्मे ठिपके म्हणजे एकूण एक चतुर्थांश ठिपके, आणि रंग काढल्यावर आणखी फरक पडतो.

टप्पा २: पूर्वतयारी

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

१. आधी पसारा आवरा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं गेलात की कशाने किती जागा खाल्लीय ते दिसतं. रिसायकल बिन, डाउनलोड्स आणि टेम्पररी फाइली आधी पाहा. डाउनलोड्समध्ये एकच वीजबिल चार वेळा उतरवलेलं सापडतं, नंतर कंसात १, २, ३ असे आकडे पडलेले. कचरा दाबून ठेवण्यात अर्थ नाही, तो काढायचा असतो. निम्म्या वेळा काम इथेच संपतं आणि कॉम्प्रेशनची गरजच उरत नाही.

२. ड्राइव्ह कुठल्या फाइल सिस्टिमचा आहे ते पाहा. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'फाइल सिस्टिम'समोर एनटीएफएस लिहिलेलं हवं. तिथे फॅट३२ किंवा एक्सफॅट असेल, आणि पेन ड्राइव्हवर बहुधा तेच असतं, तर डिस्कवरचं कॉम्प्रेशन मिळणार नाही. त्या ड्राइव्हवर तो टिकचा चौकोनच येत नाही.

एनटीएफएस असूनही टिक करता येत नसेल तर फॉरमॅट करताना 'अ‍ॅलोकेशन युनिट' ४ केबीपेक्षा मोठं निवडलेलं असण्याची शक्यता आहे. या युनिटलाच क्लस्टर म्हणतात, डिस्कवरची जागा अशा ठरावीक तुकड्यांतच वाटली जाते, आणि हे कॉम्प्रेशन ४ केबीपर्यंतच्या क्लस्टरवरच चालतं. नुसत्या त्याच्यासाठी ड्राइव्ह परत फॉरमॅट करू नका, तेवढी त्याची किंमत नाही.

३. प्रत काढा. ज्या फोल्डरला हात लावणार त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी, त्याच डिस्कच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नको. एनटीएफएस कॉम्प्रेशन भरवशाचं आहे, फाइलीचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. धोका आहे तो म्हाताऱ्या हार्ड डिस्कचा. कॉम्प्रेस करताना प्रत्येक फाइल वाचून पुन्हा लिहिली जाते, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइलीखालचा खराब भाग नेमका तेव्हाच उघडा पडतो.

४. बाहेरच्या डिस्कवर किती जागा लागेल ते मूळ आकारावरून धरा. आधीच कॉम्प्रेस केलेला ७० जीबीचा फोल्डर प्रॉपर्टीजमध्ये डिस्कवर ५० जीबी दिसला, तरी ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तो मावणार नाही. वरचा प्रश्न नेमका इथून येतो.

५. विजेचा विचार करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. डेस्कटॉप यूपीएसवर नसेल तर महावितरणचा वीज बंद ठेवण्याचा मेसेज आलेला नाही ना ते बघा, आणि जून-जुलैमध्ये बाहेर गडगडत असताना मोठं काम काढू नका. एनटीएफएस अर्धवट राहिलेल्या कामातून बहुतेक वेळा सावरतं, पण ज्या फाइलीवर काम चालू आहे तिच्यावर पैज लावायची गरज नाही.

६. थोडी मोकळी जागा ठेवा. ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर कॉम्प्रेशनलाही हात फिरवायला जागा उरत नाही. आधी दोन-चार जीबी मोकळे करा आणि लहान फोल्डरपासून सुरुवात करा.

तपासणी: प्रत काढल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींचे प्रॉपर्टीज उघडून 'कंटेन्स'समोरची फाइलींची संख्या ताडून बघा. मग प्रतीतल्या दोन-तीन फाइली उघडून पाहा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: कोणत्या फाइली दबतात, कोणत्या नाही

सगळ्यांत जास्त निराशा इथे होते. लोक फोटो आणि व्हिडिओंनी भरलेला फोल्डर कॉम्प्रेस करतात, तास घालवतात, आणि १०० जीबीचे ९९ होतात. मग म्हणतात, विंडोजचं कॉम्प्रेशन बोगस आहे.

कारण असं, की कॉम्प्रेशन म्हणजे फाइलीत परत परत येणारा मजकूर एकदाच लिहून बाकीच्या ठिकाणी खूण करून ठेवणं. ज्या फाइलीत ही पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली आहे तिच्यात काढण्यासारखं उरतच नाही.

आधीच दाबलेल्या फाइली: जेपीईजी फोटो, एमपी३, एमपी४ व्हिडिओ, झिप, रार, आणि वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या आताच्या फाइली. ज्यांचं एक्स्टेन्शन एक्सवर संपतं त्या ऑफिस फाइली आतून झिपच असतात. बहुतेक पीडीएफही याच गटात येतात. पासवर्डने कुलूपबंद केलेल्या फाइलींचंही तसंच, कारण कुलूपबंद डेटा यादृच्छिक दिसतो आणि त्यात पुनरावृत्ती सापडत नाही.

चांगल्या दबणाऱ्या फाइली: साधा मजकूर, सीएसव्ही, एक्सएमएल, लॉग, जुन्या वर्ड-एक्सेलच्या फाइली, बीएमपी चित्रं, कॉम्प्रेशन न केलेल्या टिफ. मराठी मजकुराची साधी फाइल तर फारच छान दबते. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि त्यातला पहिला बाइट सगळीकडे सारखाच, दुसरा दोनांपैकी एक. पुनरावृत्ती जागोजागी आहे. अडचण इतकीच, की मजकुराच्या फाइली मुळातच लहान असतात, तेव्हा टक्के मोठे दिसले तरी जीबी फारसे हाती लागत नाहीत.

स्कॅनचं मात्र नीट समजून घ्या, कारण सोसायट्यांच्या, क्लासेसच्या आणि घरच्या संगणकांवरही जागा खाणारं खरं प्रकरण तेच असतं. ए४ कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला की साधारण २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. रंगीत असेल तर दर ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे एका पानाचे सुमारे २५ एमबी. तेच पान ग्रेस्केलमध्ये ८ एमबीच्या थोडं वर जातं, आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात जेमतेम १ एमबी. सोसायटीच्या जुन्या इतिवृत्ताची ४० पानं कोणी रंगीत टिफमध्ये स्कॅन करून ठेवली असतील तर तेवढ्यातच १ जीबी गेला.

अशा टिफ दबतात. पण रंगीत स्कॅनमधला कोरा कागद आपल्याला पांढरा दिसला तरी संगणकाला तो बारीक रव्यासारखा दिसतो, शेजारशेजारचे ठिपके किंचित वेगळे असतात. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या स्कॅनइतका फायदा रंगीतमध्ये होत नाही. माझं मत विचाराल तर जुन्या कागदांचे रंगीत टिफ दाबत बसण्यापेक्षा महत्त्वाचे तेवढे, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, सिडकोची कागदपत्रं, शिक्के असलेले करार, मूळ रूपात दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि रोजच्या वापराला पीडीएफ करा.

डिस्कवरच्या कॉम्प्रेशनपासून दूर ठेवायच्या फाइली: हिशेबाच्या प्रोग्रॅमचा चालू डेटा, कुठलाही डेटाबेस, आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क. यांच्या पोटात सतत कुठे ना कुठे लिहिलं जातं. एनटीएफएस फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत दाबतं, आत एक आकडा बदलला तरी तो अख्खा तुकडा मोकळा करून परत दाबावा लागतो. काम मंदावतं, फाइल डिस्कभर विखुरते, आणि फार मोठी फाइल असेल तर एका मर्यादेनंतर लिहिणंच अडतं. मार्च अखेरीस हिशेब लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. गेल्या वर्षांचा बंद झालेला डेटा दाबायला हरकत नाही, चालू वर्षाला हात लावू नका.

सावध: ४ केबीपेक्षा लहान फाइली दाबून काहीच मिळत नाही. डिस्कवर जागा क्लस्टरच्या हिशेबाने मिळते, आणि एका क्लस्टरहून कमी जागा घेता येत नाही.

टप्पा ४: एका लहान फोल्डरवर चाचणी

थेट मोठ्या फोल्डरला हात घालू नका. त्याच प्रकारच्या वीस-पंचवीस फाइलींची प्रत एका नव्या फोल्डरमध्ये घ्या, त्याला 'चाचणी' नाव द्या.

१. फोल्डर निवडून ऑल्ट आणि एंटर दाबा. प्रॉपर्टीज उघडतील.

२. 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' हे दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. पहिला फाइलींचा खरा आकार, दुसरा त्यांनी डिस्कवर व्यापलेली जागा. कॉम्प्रेशन नसताना दुसरा आकडा थोडा मोठा असतो, कारण प्रत्येक फाइलीचा शेवटचा क्लस्टर अर्धवट रिकामा राहतो.

३. पुढच्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे हा फोल्डर कॉम्प्रेस करा, आणि आकडे परत लिहा.

'साइझ' बदलणार नाही, बदलायचाही नाही. लोक तोच आकडा पाहतात आणि काही झालं नाही असं समजून परत परत टिक करत बसतात. पाहायचा तो 'साइझ ऑन डिस्क'. समजा साइझ १ जीबी आहे आणि डिस्कवरचा आकडा ६०० एमबीवर आला, तर पुढे जा. ९५० वर थांबला असेल तर तिथेच सोडा. पाचव्या हिश्शापेक्षा कमी बचत होत असेल तर मी टिक काढून टाकतो. तेवढ्यासाठी प्रत्येक उघड-झाकीचा भार प्रोसेसरवर टाकण्यात राम नाही.

वनड्राइव्ह वापरत असाल तर एक खुलासा. ज्या फाइली फक्त ऑनलाइन आहेत त्यांचा 'साइझ ऑन डिस्क' शून्य दिसतो, त्याचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही. चाचणीसाठी अशा फाइली घेऊ नका.

टप्पा ५: प्रत्यक्ष कॉम्प्रेस करणं

१. ज्या प्रोग्रॅममध्ये त्या फोल्डरमधल्या फाइली उघड्या आहेत ते सगळे बंद करा.

२. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'जनरल' टॅब. खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण आहे ते दाबा.

३. 'कॉम्प्रेस कंटेंट्स टू सेव्ह डिस्क स्पेस' समोर टिक करा. त्याच्याच खाली 'एन्क्रिप्ट' असा दुसरा चौकोन आहे, त्याला हात लावू नका. एकाच फाइलीवर दोन्ही चालत नाहीत, एकाला टिक केलं की दुसऱ्याची निघते. आणि चुकून एन्क्रिप्ट केलं, पुढे विंडोज नव्याने टाकावं लागलं आणि किल्ली जपून ठेवली नसेल, तर त्या फाइली कायमच्या गेल्या.

४. ओके, मग अप्लाय. आता विंडोज विचारेल, बदल फक्त या फोल्डरला की आतल्या सगळ्या फोल्डर-फाइलींना? इथे दुसरा पर्याय निवडा. पहिला निवडला तर आत्ता आहेत त्या फाइली तशाच राहतात, फक्त यापुढे येणाऱ्या नव्या फाइली दबतात. "टिक आहे पण जागा वाढली नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

५. पट्टी पूर्ण होऊ द्या. मधेच एखादी फाइल वापरात आहे असं आलं तर ती कोणती ते वाचा, प्रोग्रॅम बंद करून 'रिट्राय' करा, नाहीतर 'इग्नोर' करून पुढे जा. 'इग्नोर ऑल' सरसकट दाबू नका. वाचता न येणारी फाइल म्हणून चूक येत असेल तर ती डिस्कच्या तब्येतीची पहिली खूण असते, तिच्यावरून नजर घसरू देऊ नका. अशी चूक आली तर काम थांबवा आणि आधी सगळ्या डेटाची प्रत काढा.

तपासणी: आतल्या पाच-सहा फाइली उघडून पाहा, वेगवेगळ्या उपफोल्डरमधल्या. मग 'साइझ ऑन डिस्क' चाचणीत मिळालं त्या प्रमाणात उतरलंय का ते बघा.

टप्पा ६: नंतर काय बदलतं

आयकॉनच्या वरच्या कोपऱ्यात एकमेकांकडे तोंड केलेले दोन छोटे निळे बाण दिसू लागतील. हा व्हायरस नाही. कोपरखैरण्याच्या एका गृहस्थांनी हे बाण पाहून मशीन दुकानात नेलं, आणि तिथे विंडोज नव्याने टाकून दिलं गेलं. घरच्या इतरांना हे बाण कशाचे ते आधीच सांगून ठेवा.

हलवाहलवीचा नियम थोडा विचित्र आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच ड्राइव्हवर फाइल हलवली, म्हणजे कट-पेस्ट केली, तर ती आपली स्थिती बरोबर नेते. दबलेली फाइल साध्या फोल्डरमध्ये गेली तरी दबलेलीच राहते. साधी फाइल दबलेल्या फोल्डरमध्ये हलवली तर साधीच राहते. प्रत काढली, म्हणजे कॉपी-पेस्ट केलं, तर जिथे गेली त्या फोल्डरचा नियम लागतो. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवणं म्हणजे आतून कॉपीच, तिथेही पोहोचलेल्या जागेचा नियम.

म्हणून 'जुने' नावाचा दबलेला फोल्डर करून त्यात फाइली नुसत्या ओढत राहिलात तर जागा वाचत नाही. वर्षाकाठी एकदा त्या फोल्डरवर टप्पा ५ पुन्हा करा: फोल्डरला टिक आधीच असल्यामुळे विंडोज काही विचारत नसेल, तर आत जाऊन साध्या राहिलेल्या, म्हणजे बाण नसलेल्या, फाइली निवडा आणि त्यांनाच टिक लावा.

टप्पा ७: पाठवण्यासाठी झिप

१. पाठवायच्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये आणा. फोल्डरला साधं, छोटं नाव द्या.

२. राइट क्लिक करा. विंडोज १० मध्ये 'सेंड टू' मधून 'कॉम्प्रेस्ड (झिप्ड) फोल्डर'. विंडोज ११ मध्ये 'कॉम्प्रेस टू झिप फाइल'. ११ च्या नव्या आवृत्तीत 'कॉम्प्रेस टू' खाली झिप, सेव्हन-झेड आणि टार असे तीन पर्याय दिसतात. झिपच घ्या. समोरच्याकडे विंडोज १० असेल तर सेव्हन-झेड फाइल त्याला डबल क्लिकने उघडणार नाही.

३. तयार झालेली झिप दुसऱ्या जागी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करून बघा. फाइलींची संख्या ताडा. मगच पाठवा.

जीमेलची जोडणीची मर्यादा २५ एमबी आहे, त्याहून मोठी फाइल गेली की ती ड्राइव्हच्या लिंकच्या रूपात जाते. झिपमध्ये ईएक्सई फाइल असेल तर जीमेल ती अडवतं.

लग्नाचे फोटो झिप केले तर आकार जवळपास तेवढाच राहतो. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर झिप करण्यात शहाणपणा आहे, कारण नुसते फोटो पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप त्यांचा दर्जा उतरवतं, आणि डॉक्युमेंट म्हणून गेलेली झिप मात्र जशीच्या तशी पोहोचते.

सावध: झिपमधली फाइल थेट उघडून त्यात बदल करू नका. विंडोज झिपवर डबल क्लिक केलं की फोल्डरसारखं दाखवतं, त्यामुळे फसगत होते. आतली फाइल उघडली की एका तात्पुरत्या जागी तिची प्रत उघडते. तासभर टाइप केलेलं तिथेच राहतं, किंवा सेव्हच होत नाही. सानपाड्याच्या त्या बाईंची सहामाहीची प्रश्नपत्रिका अशीच गेली, दोन संध्याकाळचं काम. आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल, मग काम.

सावध: विंडोजच्या स्वतःच्या झिपला पासवर्ड लावता येत नाही. आधार, पॅन, पासबुक एकत्र झिप करून पाठवलं म्हणजे ते सुरक्षित झालं असं मुळीच नाही. ज्याच्या हाती फाइल पडेल तो ती उघडेल.

मराठी नावांच्या फाइली विंडोज १० आणि ११ मध्ये नीट झिप होतात. समोरचं मशीन विंडोज ७ चं असेल तर नावं विस्कटू शकतात, तेव्हा पाठवण्यापूर्वी नावं रोमन अक्षरांत करा. आणि एक्स्ट्रॅक्ट करताना 'पाथ टू लाँग' असं आलं तर झिप थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी आणून तिथे उघडा. फोल्डरात फोल्डर असं लांबत गेलेलं नाव विंडोजच्या २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेबाहेर गेलेलं असतं.

टप्पा ८: सी ड्राइव्ह

ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्येच 'कॉम्प्रेस धिस ड्राइव्ह टू सेव्ह डिस्क स्पेस' असा चौकोन आहे. सी ड्राइव्हवर त्याला टिक करू नका. माझ्याच घरच्या विंडोज ७ च्या मशीनवर मी ते केलं होतं, आणि सकाळी काळ्या पडद्यावर 'बूटएमजीआर इज कॉम्प्रेस्ड' एवढी एकच ओळ होती. विंडोज सुरू करून देणारी फाइलच दाबली गेली होती, आणि ती मोकळी करणारं विंडोज अजून सुरू व्हायचं होतं. इन्स्टॉलेशन डिस्कवरून दुरुस्ती करण्यात रविवार गेला, आणि बाबांचा त्या दिवशीचा पेन्शनचा अर्ज राहिला. आताच्या मशीनवर बूटच्या फाइली बहुधा वेगळ्या विभागात असतात, तरी प्रोग्रॅम, अपडेट आणि यूजर डेटा असं सगळंच सरसकट दबतं आणि मशीन जड होतं.

सी ड्राइव्ह खरंच लहान असेल, ३२ किंवा ६४ जीबीचा स्वस्त लॅपटॉप, तर त्यासाठी 'कॉम्पॅक्ट ओएस' नावाची वेगळी सोय आहे. ती फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइली दाबते, त्यासाठी निराळी पद्धत वापरते, आणि त्या फाइली बहुतांशी नुसत्या वाचल्या जातात म्हणून वेगावर फारसा परिणाम होत नाही.

१. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'.

२. इंग्रजीत 'कॉम्पॅक्ट' (सी-ओ-एम-पी-ए-सी-टी) लिहा, एक स्पेस, मग उजवीकडे झुकलेला स्लॅश, त्याला चिकटून 'कॉम्पॅक्टओएस' एकाच शब्दात, मग कोलन, मग 'क्वेरी' (क्यू-यू-ई-आर-वाय). एंटर. सिस्टिम आधीच कॉम्पॅक्ट आहे की नाही ते उत्तरात कळेल.

३. नसेल तर तीच ओळ परत लिहा, फक्त 'क्वेरी'च्या जागी 'ऑल्वेज' (ए-एल-डब्ल्यू-ए-वाय-एस). काम चालू असताना खिडकी बंद करू नका.

४. पुढे कधी उलटवायचं झालं तर त्याच जागी 'नेव्हर' (एन-ई-व्ही-ई-आर).

टप्पा ९: परत मोकळं करणं

तीच खिडकी, तीच टिक काढायची, आणि आतल्या सगळ्या फाइलींना लागू करायचं. पण आधी हिशेब. 'साइझ'मधून 'साइझ ऑन डिस्क' वजा करा. जेवढं येईल त्याहून जास्त मोकळी जागा ड्राइव्हवर हवी, निदान दोन-तीन जीबी वर. दाबल्यामुळे वाचलेल्या जागेत नवे फोटो भरून झालेले असतात आणि मोकळं करायला गेलं की ड्राइव्ह अर्ध्यात भरतो, असं फार होतं.

तसं झालंच तर घाबरू नका. मोकळ्या झालेल्या आणि दबलेल्या, दोन्ही प्रकारच्या फाइली उघडतात. खिडकीत 'कॅन्सल' करा. मोठे उपफोल्डर एकेक करून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, संख्या ताडा, दोन-तीन फाइली उघडून बघा, मग इथले काढून टाका. जागा झाली की उरलेल्या फोल्डरांची टिक एकेक करून काढा, सगळ्यात लहान फोल्डरपासून.